यवतमाळ जिल्ह्यातील कापूस-श्रम आणि कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

सन २०१७ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर मोठ्या संख्येने विषबाधेने आजारी पडले. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात किमान २० जण दगावले आणि ८०० हून अधिक जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांपैकी बहुसंख्य यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आले. काहींची दृष्टी काही काळ गेली, काहींना आपल्याच माणसांची ओळख पटेना, तर काहींना खाटेला बांधून ठेवावे लागले. या घटनेनंतर शासन, कृषी विभाग, कीटकनाशक कंपन्या आणि वृत्तपत्रे या सर्वांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार येऊ लागला. तो शब्द म्हणजे ‘प्रशिक्षण’. मजुरांना फवारणीचे प्रशिक्षण नव्हते, त्यांनी हातमोजे व मुखवटा वापरला नाही, वाऱ्याच्या दिशेचे भान ठेवले नाही, असे सांगितले गेले.

हे विधान सर्वस्वी खोटे नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकापुढे त्यातून निराळा प्रश्न उभा राहतो. प्रशिक्षण द्यावयाचे कोणी होते? ज्या जिल्ह्यात शंभर वर्षांहून अधिक काळ कापसाचे कारखाने आहेत, ज्याच्या वणी तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत आणि जेथे कारखान्यातील व खाणीतील कामगारांच्या सुरक्षिततेचे कायदे दीर्घकाळ लागू राहिले, तेथे त्याच कापसाच्या वावरात राबणारा मनुष्य प्रशिक्षणाविना कसा राहिला? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा कायद्याच्या इतिहासातून मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

हंगामी कारखाना आणि कायद्याची मर्यादा

वऱ्हाड प्रांत १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे वणी जिल्हा या नावाने ओळखला जाणारा भूभाग १९०५ साली पुसद तालुक्याची भर पडून यवतमाळ जिल्हा झाला. काळी जमीन, कापूस आणि कापूस वाहून नेणारी रेल्वे ही या जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेची त्रयी होय. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी अरुंद मापाची रेल्वे, जिला लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत, ती मुख्यतः कापसासाठीच बांधली गेली होती. रेल्वेपाठोपाठ सरकी काढणारे जिनिंग कारखाने व गाठी बांधणारे प्रेस आले. यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद या गावांच्या कडेला आजही त्यांच्या जुन्या चिमण्या आणि पत्र्याच्या ओसाड शेड आढळतात.

या कारखान्यांना आरंभी कामगार कायदा लागू नव्हता, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. १८८१ चा पहिला कारखाने अधिनियम ज्या कारखान्यात १०० किंवा अधिक माणसे कामास आहेत आणि जो वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक काळ चालतो, अशाच कारखान्यांपुरता होता. जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपत असे, त्यामुळे असे कितीतरी कारखाने कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. १८८४-८५ च्या सुमारास मुंबईत नेमलेल्या कारखाना आयोगापुढे खानदेशातील जिनिंग कारखान्यांत स्त्रिया किती प्रदीर्घ तास राबतात याच्या साक्षी झाल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या याच आयोगापुढे मांडल्या होत्या. गिरणी कामगारांचा आवाज उठला तो मुंबईत. वऱ्हाडातील जिनिंग मजुरांसाठी असे कोणी उभे राहिल्याचे दिसत नाही. १८९१ च्या दुरुस्तीने १०० ची मर्यादा ५० वर आणली. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ च्या अधिनियमाने, म्हणजे पहिल्या कायद्यानंतर ३० वर्षांनी. १९३४ च्या अधिनियमानेही बारमाही आणि हंगामी असा भेद कायम ठेवून हंगामी कारखान्यांत दिवसाला ११ तास व आठवड्याला ६० तास कामाची मुभा दिली, बारमाही कारखान्यांत मात्र १० व ५४ तासांची मर्यादा घातली. जणू हंगामी काम करणाऱ्याचे शरीर अधिक कणखर असते!

मध्यंतरी १९२५ साली कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांसाठी स्वतंत्र अधिनियम झाला. त्याची मुख्य चिंता मात्र कापसात भेसळ होऊ नये, त्यात पाणी मारले जाऊ नये आणि प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण असावी ही होती. गाठ कोणत्या कारखान्यात बांधली याची नोंद ठेवण्याची सक्ती झाली. ती बांधणाऱ्याच्या फुप्फुसात किती तंतू गेले याची नोंद कोणी ठेवली नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने हंगामी व बारमाही हा भेद काढून टाकला. त्यातील कलम २७ कापसाच्या कारखान्यांसाठी विशेष महत्त्वाचे होते. कापूस पिंजून मोकळा करणारे यंत्र चालू असलेल्या भागात स्त्रिया व बालके यांना काम देण्यास त्याने मनाई केली. मात्र यंत्रात कापूस घालण्याची बाजू आणि कापूस बाहेर पडण्याची बाजू यांच्यामध्ये छतापर्यंत भिंत असेल, तर घालण्याच्या बाजूस स्त्रियांना काम देता येत असे. यात प्रशिक्षणाचा उल्लेख नाही, परंतु एक जाण निश्चित आहे. धोका कोठून येतो हे ओळखून त्याच्या आणि मनुष्याच्या मध्ये काही उभे करावे, ही जबाबदारी कारखानदाराची मानली गेली. सुरक्षिततेच्या शिक्षणाची सुरुवात माझ्या मते येथूनच होते, कारण धोका मालकाला मान्य असल्याशिवाय तो कामगाराला शिकवता येत नाही.

खाणीतील कामगार आणि भोपाळनंतरचा कारखाना

प्रशिक्षणाला कायद्याचे स्थान प्रथम मिळाले ते खाणीत. १९५२ च्या खाण अधिनियमाखाली १९६६ साली खाणकामगारांच्या व्यावसायिक प्रशिक्षणाचे नियम झाले. त्यानुसार नवीन कामगाराला प्रशिक्षण दिल्याखेरीज खाणीत कामास लावता येत नाही, आणि काही वर्षांनी त्याला उजळणीचे प्रशिक्षणही द्यावे लागते. त्यासाठी प्रशिक्षण केंद्र, प्रशिक्षक आणि नोंदवही या तीन गोष्टी आवश्यक ठरल्या. वणी तालुक्यातील राजूर, घोन्सा, उकणी, कोलारपिंपरी या खाणींना हे नियम लागू राहिले. म्हणजे एकाच गावातील दोन भावांपैकी एक खाणीत लागला तर त्याला कामाच्या दिवसांची मजुरी देऊन धोक्याची ओळख करून दिली जाई. दुसरा मात्र खाणीच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावरील वावरात पाठीवर विषाचा पंप घेऊन, कोणाकडूनही काही न शिकता उतरे. ही तुलना खाणी सुरक्षित आहेत असे सुचवण्यासाठी केलेली नाही. खाणीतील अपघातांचा इतिहास सर्वज्ञात आहे. परंतु तेथे अपघात झाल्यास ‘याला प्रशिक्षण दिले होते काय?’ हा प्रश्न व्यवस्थापनाला विचारता येतो, आणि उत्तरासाठी वही उघडावी लागते.

१९६६ या वर्षीच मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. तिच्या स्थापनेचा ४ मार्च हा दिवस पुढे राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जाऊ लागला. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत कारखान्यांतील सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी अभ्यासक्रम चालू झाले. हा सारा व्यवहार संघटित उद्योगापुरता होता.

त्याला मोठा धक्का बसला तो २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथे. विषारी वायू गळती झालेला तो कारखाना कीटकनाशकाचा होता, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करावयास हवी. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण आले. कारखानदाराने कामगारांना धोक्याची माहिती दिली पाहिजे, कामगाराला तातडीचा धोका दिसल्यास त्याने तो निदर्शनास आणावा, असे ठरले. आणि कलम १११-अ ने कामगाराला शक्य तेथे कारखान्यातच सुरक्षिततेचे प्रशिक्षण मिळण्याचा, किंवा कारखानदाराने त्याला प्रशिक्षण संस्थेत पाठवण्याचा हक्क दिला. प्रशिक्षण ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, हे भारतीय कायद्यात इतक्या स्पष्टपणे प्रथमच लिहिले गेले.

परंतु हा हक्क कारखान्याच्या फाटकाशी थांबला. फाटकाच्या आत विष बनवणारा कामगार त्याचा धनी झाला, फाटकाबाहेर पडलेले विष शिंपडणारा झाला नाही.

कीटकनाशकांचा कायदा : नियम ४२ आणि कलम ३८

कीटकनाशकांसाठी वेगळा कायदाच नव्हता असे नाही. त्याचा जन्मही एका दुर्घटनेतून झाला. १९५८ साली केरळ व मद्रास राज्यांत पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. मुंबईहून निघालेल्या जहाजात अन्नपदार्थ आणि विष एकत्र लादले गेले होते. चौकशीसाठी न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला आणि पुढे १९६८ चा कीटकनाशके अधिनियम व १९७१ चे नियम झाले.

या नियमांतील एक संपूर्ण प्रकरण कामगारांच्या संरक्षणाविषयी आहे. नियम ३७ नुसार कीटकनाशकांच्या संपर्कात येणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी व्हावी, नियम ३९ नुसार त्यांना संरक्षक कपडे, रबरी हातमोजे, चष्मा व बूट असावेत, नियम ४० मध्ये श्वसनरक्षक साधने आणि नियम ४१ मध्ये उतारा व प्रथमोपचाराची औषधे सांगितली आहेत. नियम ४२ प्रशिक्षणाचा आहे. उत्पादक, वितरक आणि फवारणीचा व्यवसाय करणारे यांनी सुरक्षिततेची दक्षता व साधनांचा वापर यांचे योग्य प्रशिक्षण द्यावे, असे तो सांगतो. वाचकाला वाटेल की यवतमाळच्या मजुराचा प्रश्न १९७१ सालीच सुटला होता.

आता मूळ अधिनियमाचे कलम ३८ पाहावे. स्वतःच्या घरगुती उपयोगासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या लागवडीखालील जमिनीवर कोणी कीटकनाशक वापरत असेल, तर त्या वापराला हा अधिनियम लागू नाही. यामागील हेतू उघड आहे. लक्षावधी शेतकऱ्यांच्या मागे निरीक्षकाचा ससेमिरा लागू नये, हा तो हेतू होय आणि तो गैर म्हणता येणार नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला की ज्या ठिकाणी कीटकनाशकाचा सर्वाधिक वापर होतो, तेच ठिकाण कायद्याच्या कक्षेबाहेर गेले. शेतकऱ्याने रोजाने किंवा गुत्त्याने लावलेला मजूर हा ना कारखान्याचा कामगार, ना फवारणीच्या व्यवसायसंस्थेचा नोकर. तीन-चार एकरांचा कोरडवाहू शेतकरी, जो सकाळी स्वतः पंप मारतो आणि दुपारी मजुराच्या हाती देतो, त्याला ‘मालक’ म्हणून उभे करून प्रशिक्षणाचे दायित्व त्याच्या माथी मारणे हास्यास्पदच ठरेल. त्याला तरी कोणी शिकवले होते?

त्यामुळे व्यवहारात प्रशिक्षणाची जागा डब्यावरील चिठ्ठीने आणि आतील माहितीपत्रकाने घेतली. विषारीपणाच्या चढत्या क्रमाने हिरवा, निळा, पिवळा आणि लाल हे त्रिकोण हेच फवारणी करणाऱ्याचे पाठ्यपुस्तक झाले. लाल म्हणजे अतिशय विषारी, हे रंगाच्या सर्वसाधारण संकेतावरून कदाचित कळेल. परंतु निळा हा हिरव्याहून अधिक विषारी, हे सांगितल्याशिवाय कसे कळावे? माहितीपत्रक अनेक भाषांत छापलेले, अक्षर मुंगीएवढे. जिल्ह्यातील कोलामांची भाषा कोलामी, गोंडांची गोंडी, बंजारा तांड्यांवरची गोरमाटी, आणि मजुरांपैकी अनेकांना अक्षरओळखही बेताची. पत्रक डब्याबरोबर बहुधा शेतकऱ्याच्या घरीच राहते. मजुराच्या हाती येतो तो तयार द्रावणाचा पंप. कोणते औषध, किती, कशात मिसळले हे त्याला ठाऊकही नसते.

शिक्षकाची भूमिका मग आपोआप कृषी केंद्राच्या दुकानदाराकडे गेली. कोणती अळी, कोणते औषध, किती झाकणे, कशाबरोबर, हे सारे तोच सांगतो. त्याला निदान काही ज्ञान असावे म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने २००३ साली निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली. हे पाऊल स्वागतार्ह होय. तथापि विकणाराच शिकवणार असेल तर ‘आज फवारणी करू नका’ हा धडा त्या अभ्यासक्रमात कितपत टिकेल, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका आहे.

२०१७ चा हंगाम

बीटी कापूस २००२ साली आला तेव्हा फवारणी कमी होईल ही अपेक्षा होती आणि आरंभीची काही वर्षे बोंडअळीपुरती ती खरीही ठरली. पुढे रसशोषक किडी वाढल्या, गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती मिळवली आणि पंप पुन्हा पाठीवर चढला. २०१७ मध्ये अनेक ठिकाणी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला किंवा त्याहून वर गेली होती. कमरेएवढ्या पिकावर नळी खाली धरून फवारण्याची सवय असलेल्या मजुराला आता ती डोक्याच्या वर धरावी लागली. फवारा पिकावर पडून उरलेला त्याच्याच तोंडावर व छातीवर येऊ लागला. हातपंपाऐवजी बॅटरीवर व पेट्रोलवर चालणारे पंप आले होते. त्यांचे तुषार सूक्ष्म असतात, ते हवेत अधिक काळ तरंगतात आणि श्वासावाटे सहज आत जातात. दोन-तीन कीटकनाशके व वाढीची टॉनिके एकत्र मिसळली गेली. दाट पिकाच्या ओळींत हवा कोंडलेली, ऊन आणि दमट उकाडा, घामाने भिजलेला सदरा अंगाला चिकटलेला. चोंदलेले नोझल तोंडाने फुंकून मोकळे करावयाचे आणि मध्येच त्याच हाताने खर्रा तोंडात टाकावयाचा, ही तर नित्याची रीत.

यांतील शेवटच्या दोन गोष्टी प्रशिक्षणाने निश्चित सुटतात. वाऱ्याची दिशा, उपाशीपोटी फवारणी न करणे, काम संपताच साबणाने आंघोळ आणि कपडे वेगळे धुणे, मळमळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी येताच काम थांबवणे, हेही शिकवता येते व शिकवले पाहिजे. परंतु पिकाची उंची, तुषाराचा आकार आणि औषधाचा जहालपणा हे मजुराच्या शिकण्यावर अवलंबून नाहीत. रबरी हातमोजे, मुखवटा, चष्मा व जाड अंगरखा घालून विदर्भाच्या सप्टेंबरातील उन्हात आठ तास पंप वाहून पाहिलेल्या माणसाला, मजूर ही साधने का काढून टाकतो हे विचारावे लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची कीटकनाशकविषयक आचारसंहिताही हेच मानते. ज्या कीटकनाशकासाठी लागणारी संरक्षक साधने त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी आहेत, ते उष्ण हवामानातील लहान शेतकरी व शेतमजुरांसाठी टाळावे, असा तिचा आशय आहे.

वैद्यकीय बाजूही येथे लक्षात घ्यावयास हवी, कारण प्रशिक्षण केवळ मजुराचेच नसते. सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय विषबाधेत शरीरातील कोलिनएस्टरेज या विकराचे कार्य थांबते. त्यावर अॅट्रोपीन आणि प्रालिडॉक्झाइम ही औषधे दिली जातात, आणि रक्तातील विकराची पातळी तपासून बाधेचे प्रमाण ठरवता येते. नियम ३७ मध्ये या तपासणीची अपेक्षा १९७१ पासून आहे. परंतु २०१७ मध्ये यवतमाळच्या रुग्णालयात ती सोय नसल्याचे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले. शिवाय वापरात असलेली सर्व औषधे या एका वर्गातील नव्हती. डायफेन्थियुरॉनसारख्या कीटकनाशकावर विशिष्ट उताराच उपलब्ध नाही. मजुराने कोणते औषध फवारले हे त्यालाच माहीत नसेल, तर डॉक्टरने कशावर उपचार करावेत?

शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका आली. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि दोन संयुक्त कीटकनाशके अशा पाच औषधांवर यवतमाळ व लगतच्या जिल्ह्यांत ६० दिवसांची तात्पुरती बंदी घालण्यात आली, तीही हंगाम सरत आल्यावर. पुढील हंगामांत गावोगावी प्रात्यक्षिके झाली, संरक्षक संच वाटले गेले. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधित शेतकरी कुटुंबांच्या वतीने एका स्विस कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली. कंपनीने आपली जबाबदारी नाकारली. २०२३ साली केंद्र शासनाने मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्के द्रावण बाजारातून काढून घेण्याचा आदेश काढला. माझ्या मते मजुराच्या दृष्टीने या एका आदेशाचे मोल शेकडो प्रात्यक्षिकांहून अधिक आहे. कारण जे विष दुकानातच नाही ते कसे हाताळावे हे शिकवण्याचा प्रश्न उरत नाही.

नोंदवहीचा प्रश्न

दि. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अंमलात आल्या आणि १९४८ चा कारखाने अधिनियम व १९५२ चा खाण अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाले. नव्या संहितेतही सर्वसाधारण आस्थापनेसाठी १० कामगारांची मर्यादा आहे. यवतमाळच्या कोरडवाहू वावरात फवारणीला एका दिवशी दोघे-तिघे असतात. १८८१ मध्ये जिनिंग कारखाना चार महिन्यांच्या अटीने सुटला, आज वावर दहा माणसांच्या अटीने सुटते.

नुकसानभरपाईचा कायदा या बाबतीत अधिक उदार होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत पुढे शेतीतील कीटकनाशकांची फवारणी व धुरळणी करणाऱ्यांचा स्पष्ट समावेश झाला होता. म्हणजे फवारणी करणारा मेल्यावर तो ‘कामगार’ ठरू शकत होता, जिवंतपणी शिकण्यापुरता मात्र नव्हता. अर्थात भरपाई मागण्यासाठी मालक कोण, मजुरी किती आणि काम किती दिवस हे सिद्ध करावे लागे, आणि गुत्त्याच्या कामाची चिठ्ठीसुद्धा नसते.

अशा स्थितीत ग्रामपंचायत हे एकच ठिकाण असे दिसते की जेथे फवारणी करणाऱ्यांची नावे मृग लागण्यापूर्वी लिहिली जाऊ शकतात. खाणीतल्याप्रमाणे नाव, प्रशिक्षणाची तारीख, प्रशिक्षकाची सही आणि उजळणी केव्हा, एवढे चार रकाने पुरेत. खर्च विष बनवणाऱ्याने व विकणाऱ्याने द्यावा, नियम ४२ त्यांच्यावरच ते दायित्व टाकतो. शिकण्याच्या दिवसाची मजुरी बुडणार असेल तर कोणीही येणार नाही, तेव्हा तीही त्या खर्चात धरावी लागेल.

त्या वहीत स्त्रियांची नावे असतील काय, हा प्रश्न शेवटी राहतो. पंप पुरुषाच्या पाठीवर असतो म्हणून फवारणी हे पुरुषांचे काम समजले जाते. परंतु विहिरीवरून पाणी वाहून आणणे, टाकीत औषध कालवणे, पंप भरून देणे, दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या पिकात निंदणाला जाणे आणि विषाने माखलेले कपडे हाताने धुणे ही कामे बहुतेक ठिकाणी स्त्रिया करतात. कलम २७ ने जिनिंगमधील स्त्रीसाठी छतापर्यंत भिंत मागितली होती. वावरातील या स्त्रियांना २०१७ मध्ये किती बाधा झाली, हे रुग्णालयातील नोंदी गावनिहाय तपासूनच कळू शकेल आणि तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.